बारामती ते इंदापूर, जळक्या तेलावर

गेल्या हिवाळ्यात आम्ही बारामतीहून वांगी घेऊन इंदापूरच्या बाजारात गेलो, तेही पिकअपमध्ये डिझेलऐवजी भज्यांचं जळकं तेल घालून. घरात पदवी घेणारी मी पहिलीच, त्यामुळे वडील, म्हणजे तात्या, माझं ऐकून तरी घेतात. गाडी जुनी, म्हणून तेलाची दुसरी टाकी बसवू दिली. अट एकच: वांगी लिलावाला वेळेत पोचली तर टाकी राहील, नाहीतर निघेल.

करून बघायचं असेल तर नव्या गाडीत नको. तेल हॉटेलवाल्यांकडून डिझेलच्या निम्म्याहून कमी भावात मिळालं. ते निवळू देऊन सुती कापडातून गाळलं. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की कॉक फिरवून तेलावर घ्यायची आणि बंद करण्याआधी पुन्हा थोडी डिझेलवर चालवायची, म्हणजे नळीत तेल उरत नाही.

बारामती सोडल्यावर कॉक फिरवला. इंजिनाचा आवाज जरा मऊ झाला, मागे कढईचा वास. दोन्ही बाजूंना ऊस आणि पुढे भरलेल्या ट्रॉल्या, त्यामुळे हा रस्ता घाईचा नाही. सणसरला चहाला थांबायचं ठरलं. माझा हात कॉककडे जाईपर्यंत तात्यांनी कालव्याच्या पुलाच्या उतारावर चावी बंद केली आणि गाडी टपरीपर्यंत घरंगळत आणली. डिझेल वाचवायची त्यांची जुनी सवय. लगेच सुरू करू म्हटलं, तर आधी चहा पिऊ म्हणाले.

चहानंतर गाडी सुरू होईना. गारठ्यात पामतेल नळीत तुपासारखं थिजलं होतं. टपरीवाल्या मावशींनी विचारलं, "पिकअप हाय का भज्याची गाडी?" सगळे हसले, तात्या सोडून. मी कॉक डिझेलवर घेतला, मावशींकडून उकळतं पाणी आणलं आणि नळीला फडकं गुंडाळून ओतायला लागले.

"मला दे, हात भाजंल," म्हणत तात्यांनी तांब्या घेतला. बऱ्याच खटपटीनंतर पांढरा धूर ओकत इंजिन चालू झालं.

इंदापूरला पोचलो तेव्हा चांगल्या भावाचा लिलाव होऊन गेला होता. वांगी उरल्यासुरल्या गिऱ्हाइकांना दिली. बाजाराबाहेर मटकीची उसळ आणि भाकरी झकास मिळते. मला त्या दिवशी गोड लागली नाही.

परतताना मी तेलाचं नाव काढलं नाही. तरी मनात पक्कं होतं की हे तेल पुन्हा पुन्हा तापवून लोकांच्या पोटात जाण्यापेक्षा आमच्या टाकीत बरं. निमगाव केतकी मागे पडल्यावर तात्याच म्हणाले, "इंजिन तापलंय. फिरीव की."

घरी आईने विचारलं, टाकी कधी काढताय? अट तिलाही माहीत होती.

तात्या हात धूत म्हणाले, "गाडी अडली न्हाय, मी अडवली. टाकी ऱ्हाऊ दे. सवय मोडतो माझी."