पांढऱ्या कपड्यांतल्या बायका आणि माझं पिठलं

त्या संध्याकाळी बायका पाच होत्या की सहा, हे आता मला नक्की आठवत नाही. माझी नात इरा म्हणते, सात. असतील! माझ्या स्मरणशक्तीवर मीच फारसा विसंबत नाही, तर तुम्ही कशाला विसंबता? पण मी केलेला गाढवपणा मात्र शब्दन् शब्द लक्षात आहे. चहा घ्या, सांगतो. तुम्हाला हसू येईल. मी तेव्हा रागाने थरथरत होतो.

सांगलीच्या कॉलेजात मी सव्वीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झालो आणि मुलाकडे दुबईला आलो. अल बर्शा, आठवा मजला. समोरच्या फ्लॅटमध्ये लोरेनबाई राहायच्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय, इथे एका शाळेत शिक्षिका. त्या शिकल्या होत्या तिकडे दक्षिणेतल्या, कृष्णवर्णीय मुलींसाठी निघालेल्या एका जुन्या कॉलेजात. आणि आमच्या इराला नेमकं तिथेच जायचं होतं!

का? माझ्यामुळे. मला परीकथा येत नाहीत हो. इरा लहान असताना मी तिला त्या कॉलेजाचीच गोष्ट सांगायचो. नुकतीच गुलामगिरी संपलेली, चर्चच्या ओलसर तळघरात वर्ग भरलेला, आणि कालपर्यंत ज्यांनी अक्षर गिरवणं हा गुन्हा होता अशा बायका, अगदी आज्यासुद्धा, पाटी घेऊन बसलेल्या. इराच्या प्रवेशाच्या निबंधाचं पहिलंच वाक्य होतं, ‘हे मला माझ्या आजोबांनी शिकवलं.’

लोरेनबाई तिला म्हणाल्या होत्या, “माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी येणार आहेत. त्यांना निबंध वाचून दाखव. पटला तर आम्ही सगळ्या मिळून शिफारसपत्र देऊ.” त्या पत्रावर पोरीचं सगळं अडलं होतं. मला हे ठाऊक होतं. दिवस कुठला, ते मात्र मी विसरलो. इराने सकाळी भरभर इंग्रजीत काहीतरी सांगितलं, मी पेपरातून मान न काढता “हो हो” म्हणालो.

संध्याकाळी फिरून आलो. लिफ्टचं दार उघडलं आणि मी जागीच थबकलो. लोरेनबाईंच्या दारात पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या बायका, हातात पांढरी फुलं. एकमेकींच्या गळ्यात पडताहेत, डोळे पुसताहेत. आत टेबलावर एका वृद्ध बाईंचा जुना फोटो, त्याच्यापुढे मेणबत्ती. आतून संथ, गंभीर गाणं.

आता मला सांगा, तुम्ही काय समजला असता?

घरात शिरलो तर इराही पांढऱ्या झग्यात! म्हटलं, चला, पोरीला कळलं तरी. पण ही आरशासमोर उभी राहून लिपस्टिक लावतेय!

“इरा! अशा दिवशी लिपस्टिक?”

“आबा, इट्स अ बिग डे! आय ॲम सो एक्सायटेड!”

एक्सायटेड! माझं डोकं फिरलं. मी काही बोलायच्या आत ती कागद घेऊन पळालीसुद्धा.

मुलाला ऑफिसात फोन लावला. “निखिल, समोरच्या बाईंची आई गेली!”

“अरेरे. बरं आबा, मी मीटिंगमध्ये आहे. ॲपवरून फुलं पाठवतो, ओके?”

सांत्वन ॲपवरून! दाराला दार लागून राहतात, आणि शेजारी माणूस गेलं तरी यांची मीटिंग चालू! मी खाली जाऊन वॉचमनला गाठलं. दाऊदभाई, आपल्या राजापूरकडचे.

“दाऊदभाई, आठव्या मजल्यावर मयत झाली. तुम्हाला पत्ता नाही?”

“नाय हो सर. मयत झाली असती तर पोलीस आले असते, अँब्युलन्स आली असती. मला नाय कळणार?”

“अहो, अमेरिकेत झाली असेल!”

दाऊदभाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “असेल बाबा. तुम्ही प्रोफेसर.”

तिथेच थांबायला हवं होतं. पण राग फार शिस्तीचा असतो, पुढचं काम लगेच सुचवतो. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात नेऊन देतात. इथे कोण देणार? मी! कांदा चिरताना सगळ्या बिल्डिंगला शिव्या घातल्या. पिठलं केलं, भात टाकला, पांढरा सदरा-पायजमा चढवला आणि डबा घेऊन समोरची बेल दाबली.

दार उघडलं, आणि मला बघून सगळ्या बायका उभ्याच राहिल्या.

“बघा! आजोबासुद्धा पांढऱ्यात आले!” लोरेनबाईंनी दोन्ही हात धरून मला आत ओढलं. “या प्रोफेसर, दोन शब्द बोला ना.”

कोपऱ्यात इरा. माझ्या हातातला डबा बघूनच तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मला वाटलं, दुःखाने.

मी घसा साफ केला. फोटोला नमस्कार केला. म्हणालो, “अशी बाई पुन्हा होणे नाही!”

“आमेन!” बायका एका सुरात.

“त्यांच्या जाण्याने झालेली पोकळी भरून येणार नाही!”

“येस, सर! सांगा, सांगा!”

सव्वीस वर्षांत माझ्या वर्गाने एकदाही अशी दाद दिली नव्हती हो! मी फुललो. आवाज चढला. घरच्यांनी धीर धरावा वगैरे म्हणून झालं. मग सुरात हळवेपणा आणून लोरेनबाईंना विचारलं, “शेवटी त्यांना फार त्रास तर नाही ना झाला? आणि अंत्यविधी कधी?”

कुणीतरी गाणं बंद केलं.

“कुणाचा अंत्यविधी?” लोरेनबाई.

“तुमच्या आईंचा.”

“माझी आई घरी टीव्ही बघत बसलीय. या आमच्या कॉलेजच्या संस्थापिका. त्यांना जाऊन शंभरावर वर्षं झाली. आज कॉलेजचा वाढदिवस आहे, प्रोफेसर!”

मग समजलं. पहिल्या वर्षाला आलेल्या मुली पांढरे कपडे घालूनच कॉलेजात सामील होतात, निरोपाच्या दिवशी त्या पांढऱ्यातच कॉलेजच्या कमानीखालून बाहेर पडतात, आणि तो एक पांढरा पोशाख बायका जन्मभर जपून ठेवतात. हॉस्टेलची मुख्य बाई त्याची लांबी पट्टीने मोजायची, म्हणे. गाणं कॉलेजचं, आणि डोळे पुसणं वर्षाने भेटल्याचं.

खुर्चीतल्या सगळ्यांत वयस्क बाई अबू धाबीहून, खलिफा सिटीहून आल्या होत्या. त्यांनी इराच्या हातातल्या निबंधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हेच का ते आजोबा? पहिल्या वाक्यातले?”

इरा माझ्याशी कधी मराठीत बोलत नाही. त्या दिवशी बोलली. दात आवळून. “आबा, हे तुम्हीच शिकवलंत ना? सव्वीस वर्षं?”

पोरीचं पत्र माझ्या पिठल्यात बुडताना मला दिसत होतं. अशा वेळी सज्जन माणूस माफी मागतो. मी चिडलो! “आमच्या पुस्तकांत हे नव्हतंच! इतिहास लिहिणारे सनावळ्या देतात, इमारती देतात. मुली काय घालतात, काय गातात, याची एक ओळ देतील तर शपथ! मग मला कसं कळणार?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “डबा उघडा आधी.”

पिठलं संपलं. इराने निबंध वाचला, आणि खलिफा सिटीच्या बाईंनी पेन काढलं. “मुलीचा निबंध अस्सल आहे,” त्या म्हणाल्या. “आजोबांबद्दल मी काही लिहीत नाही.”

इरा गेली तिकडे. कमानीखालून बाहेरसुद्धा पडली. मी मात्र एवढी वर्षं भेटेल त्याला ऐकवत राहिलो, की चूक माझी नव्हे, पुस्तकांची.

मागच्या वर्षी सांगलीला कपाट आवरताना त्या कॉलेजावरच्या माझ्या जुन्या नोट्स सापडल्या. ज्या मी दरवर्षी वर्गाला लिहून द्यायचो, त्याच. अक्षर माझं, त्याबद्दल शंका नाही. ‘समारंभप्रसंगी विद्यार्थिनी शुभ्र वस्त्रे परिधान करीत. ही शोकाची खूण नव्हे.’

खाली लाल शाईने दोन रेघा. आणि समासात, माझ्याच हातचं: ‘मुले इथे हमखास चुकतात.’