सरांचा स्वस्त फोन

महाग वस्तू दिसली की सरांचं डोकं फिरायचं. दुकानात शिरून ते भाव विचारत आणि मग दुकानदाराला सोडून त्या वस्तूशीच भांडत. "इतका माज कशाचा गं तुला?" असं त्यांनी एका इस्त्रीला विचारलेलं मी स्वतः ऐकलंय.

इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते मला शिकवायचे. तेव्हा टेलिफोनची डिजिटल एक्स्चेंज नुकती येऊ लागली होती. तिला थेट जोडायचे फोन परदेशातून येत आणि त्यांची किंमत ऐकून सरांना ठसकाच लागला. "आवाजाचे आकडे करायचे नि तारेवर सोडायचे, बस! इतके नखरे कशाला, भिया?" किराणावाल्यालाही परवडेल असा फोन आपण करायचा आणि त्याचा नक्शा, म्हणजे आराखडा, छोट्या कारखान्यांना फुकट वाटायचा, असं त्यांनी जाहीर केलं. त्या शब्दावर मी पुण्याची चालून आलेली नोकरी सोडली.

स्नेहलतागंजातल्या त्यांच्या मागच्या खोलीत आम्ही तीन वर्षं खपलो. मी रिसीव्हरमध्ये बोलायचं, त्यांनी अंगणात ऐकायचं. शेवटची परीक्षा मात्र सरांच्या बायकोची, काकूंची. "अहो, पोहे थंडे होऊन राहिले ना, आ जाओ आता!" हे तारेतून स्वच्छ आलं की सर खूश. म्हणायचे, "हिचं मराठी, हिंदी आणि राग एकत्र पोचतो, म्हणजे अख्ख्या माळव्याचं काम झालं."

देवाबिवाचं त्यांना फारसं नव्हतं. तरी एका बुधवारी खजराण्याच्या गणपतीला नेऊन त्यांनी मंदिरामागच्या भिंतीवर माझ्याकडून उलटं स्वस्तिक काढून घेतलं होतं. नवस फळला की दोघांनी मिळून ते सुलटं करायचं. फोन नीट बोलू लागला, त्याच्या पुढच्या बुधवारी मी लाडू घेऊन तिथे उभा राहिलो. आरती झाली, सर आले नाहीत. आजारी तर नाहीत ना, या काळजीनं मी दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या घरी गेलो.

"काल ते तुकोगंजला गेले होते ना, फोनच्या कंपनीवाल्यांकडे," काकू म्हणाल्या. "नक्शा विकायच्या कागदांवर सही करायला. तुला नाही बोलले?"

सर खोलीतच होते. "ते हजारोंनी बनवतील रे. आपण दोघं किती बनवणार?"

"नक्शा वाटायचा होता, सर."

"बोललो होतो तसं," ते म्हणाले आणि मान वर न करता तारांच्या जोडाला कथलाचा डाग देत राहिले.

कंपनीनं तो फोन कधीच बनवला नाही. तिचे महागडे फोन खपत होते, तिला आमचा फक्त कपाटात हवा होता. सर फसले असतील, पण मला त्यांनी फसवलं होतं. मी त्या घराची पायरी चढणं सोडून दिलं.

बऱ्याच वर्षांनी घरी फोन वाजला. "अरे, मी... सर बोलतोय." आवाज थकलेला होता.

"राँग नंबर," मी म्हणालो.

माझा आवाज त्यांना ओळखू आला नसेल, हे शक्यच नव्हतं. "माफ करा हं," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा काकूंनी माझा हात धरला. "तुझ्याशी बोलणं झालं म्हणून फार खूश होते रे. म्हणाले, पोरगा नाराज नाही आता. खूप बोलला ना तू?"

"हो काकू," मी म्हणालो, "खूप वेळ बोललो."