सखाच्या लेकरांचं दुखणं

पेणच्या खाडीकडच्या त्या गावात सखाचं घर म्हणजे पोटानं मरणारं घर. सखा मिठागरावर राबणारा, अंगानं लाकडासारखा टणक. पण चाळिशी उलटली न उलटली तोच वाळत वाळत गेला. त्याच्या आधी त्याची बहीण तशीच गेली होती. गावानं कारण ठरवून टाकलं होतं. आजोबानं देवाला कबूल केलेला बोकड द्यायचा राहिला, म्हणून देव पोटाला धरतो. पुढे बोकड दिला, तरी सखा गेलाच.

त्याची मुलगी नूतन पेणमध्ये पोह्याचे पापड लाटायची. नवरा लवकर गेला, ऋत्विक एकुलता एक मुलगा. शौचाला रक्त पडायला लागलं तेव्हा कितीतरी महिने तिनं मूळव्याधीची औषधं घेतली. डॉक्टरनं तेच सांगितलं होतं आणि तिलाही तेच ऐकायचं होतं. एके दिवशी ती पोळपाटासमोरच कोसळली. ऋत्विकनं तिला मुंबईला नेलं. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. फार पसरला नव्हता, म्हणून आतड्याचा तेवढा भाग कापून काढल्यावर ती वाचली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

"बाबांना. आत्याला. पण ते देवाचं होतं," नूतन म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. रक्त तपासून त्यांनी तिला समोर बसवलं. "वडिलांकडून एक बिघडलेला जनुक तुमच्यात आलाय. तो असला की कॅन्सर होतोच असं नाही, पण धोका खूप वाढतो. तुमच्या भावात तो असेल किंवा नसेल, दोन्ही सारखंच शक्य. नसेल तर त्याच्या मुलांना तो येणार नाही. असेल तर वेळच्या वेळी दुर्बिणीनं बघायचं. गाठ लहान असतानाच काढता येते. भावाला सांगा."

ऋत्विकच्या रक्तात काही निघालं नाही. अंगात थोडी ताकद आल्यावर नूतन भावाला सांगायला रोह्याला गेली.

अमोल तिच्याहून मोठा, कंपनीत कामाला. शिफ्ट संपवून नुकताच जेवायला बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि ताट बाजूला सारलं.

"भाविकाचं लगीन ठरतंय, ठाव हाय ना तुला? हे बाहेर गेलं तर कोण करील तिला?"

"दादा, नुसतं रक्त द्यायचं हाय. कोणाला कळणार नाय."

"मला काय झालेलं नाय. तुझा रोग माझ्या घरात आणू नको."

"रोग माझा नाय रं, बाबांचा हाय."

तेवढ्यात नम्रतावहिनी आतून आली. "नूतनताई, पोरीच्या कानावर एक शबुद गेला, तर या घरचं पाणी तुमाला बंद."

अमोलनं नूतनचा हात आपल्या डोक्यावर ठेवून भाविकाला काही न सांगण्याची शपथ घातली. नूतननं शपथ घेतली. एवढं करूनही लग्नाला तिला बोलावलं नाहीच. केमोनं केस गळालेली बाई मांडवात दिसली, तर चार माणसं विचारतील, म्हणून.

लग्नाला दोन वर्षं होत आली आणि अमोल वाळायला लागला. भूक गेली, तोंड पांढरंफटक पडलं. दवाखान्यात नेलं तेव्हा कॅन्सर यकृतात पोहोचला होता. नूतन धावत गेली. खाटेवरचा अमोल तिच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तुला ठाव होतं. मग हाताला धरून का नाय नेलंस गो मला?"

नूतनच्या ओठाशी उत्तर आलं होतं. मरणाऱ्या माणसाला काय बोलायचं, म्हणून तिनं ते गिळलं.

तेराव्याला नम्रता सगळ्यांसमोर बोलली, "हिचा पोरगा तेवढा सुटला. आमचाच माणूस घेतला देवानं." बायका नूतनपासून जरा सरकून बसल्या.

भाविकाचा फोन आला तो त्यानंतर. ती गरोदर होती. सासरी कुणकुण लागली होती आणि सासू माहेरच्या रक्ताला नावं ठेवत होती.

"आत्या, मला का नाय सांगितलंस?"

"तुझ्या बाबांनी शपथ घातली होती बाय."

"तुला शपथ मोठी. मी कोण?"

नूतननं मुंबईच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं, कुठं जायचं तेही सांगितलं. मग फोन बंद झाला.

बाळंतपणानंतर भाविका मुंबईला गेली. जनुक तिच्यातही निघाला. आतड्यातली एक लहान गाठ काढली, कॅन्सर नव्हता. आता ती वेळच्या वेळी तपासायला जाते, असं नूतनला नागोठण्याच्या एका नातेवाइकाकडून कळलं. भाविकानं स्वतः तिला काहीच कळवलं नाही. तिचं मूल आता चालायला लागलंय. नूतननं ते अजून पाहिलेलं नाही.