छोटी गाडी काट्यावर

पहिल्या वर्षीच्या सेमिनारला मी फळ्यासमोर उभी राहिले, नमस्कार म्हणाले आणि पुढचं काहीच आठवेना म्हणून जागेवर येऊन बसले. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे असं झाल्यावर काय करायचं हे विचारायलाही कुणी नव्हतं. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं, तर आपण इथल्या नाहीच, असं मी मनाशी धरून बसले होते.

विषय घेतला तो गाड्यांचं वजन आणि इंजिनाची ताकद. कारण साधं होतं. माझे बाबा राजूरच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक मोजायच्या वजनकाट्यावर काम करतात. रविवारी ट्रक कमी असतात. गाड्यांच्या माहितीपुस्तकातले आकडे खरे आहेत का, ते मोजूनच पाहावं असं वाटलं.

काट्याशेजारच्या गॅरेजवाल्या चाचांनी मालकाला विचारून एक मोठी डिझेल जीप चालवत आणली. पुस्तकात एकोणीसशे किलो, काट्यावर एकोणीसशे ऐंशी. असेल थोडा फरक, म्हणून मी लिहून घेतलं. मग चाकांत हवा भरायला थांबलेली एक छोटी गाडी चाचांनी काट्यावर धाडली. आत काका-काकू, आजी आणि दोन मोठ्या मुली. सगळे साखरपुड्याला निघालेले. पुस्तकात सातशे साठ, काट्यावर अकराशे दहा!

"बाबा, तुमचा काटा चुकून राह्यला," मी ओरडले.

बाबा केबिनमधून बाहेर आले. गाडीत डोकावले, मग माझ्याकडे पाहिलं. "काटा नाही चुकत. मी ट्रकवाल्याले रोज काय सांगतो? उतरा खाली, मग काटा. अन् तू अख्खं वऱ्हाड बसवून मोजून राह्यली?"

खरंच की. ट्रकांच्या टनांपुढे माणसाचं वजन मी कधी मोजलंच नव्हतं. चाचाही जीपमध्ये बसूनच होते.

मुली उतरल्या, आजी उतरली. काट्याच्या बाहेरच्या पाटीवरचे मोठे लाल आकडे नऊशे तीसवर आले. काकू मात्र हलेनात. "माझं वजन रस्त्यावर दाखवता का जी? मी यांच्यासंगंच उतरतो." दोघं एकदम उतरले. सातशे ऐंशी.

"मी सत्तर आहो!" काका लगेच म्हणाले.

चाचा हसत खालीच बसले. "भाभी, डेढ़ सौ में से सत्तर गए, हिसाब तो लग गया!"

काकूंनी डिकीतून चिवडा-लाडवांची थैली ओढून काढली. "हेही मोजा. सगळं माझ्याच नावावर कायले?" आकडा सातशे साठवर थांबला, अगदी पुस्तकातल्याइतका. बाबांनी मला त्या आकड्याकडे बोट दाखवलं. मग काकूंनी मला दोन लाडू दिले आणि त्यांची गाडी गेली.

घरी येऊन मी हिशेब मांडला. छोट्या गाडीची ताकद सत्तेचाळीस अश्वशक्ती, म्हणजे रिकामी असताना टनामागे बासष्ट. पाच माणसं बसली की त्रेचाळीस. जीपची ताकद एकशे चाळीस. रिकामी असताना टनामागे चौऱ्याहत्तर, आणि तीच पाच माणसं बसली तरी त्रेसष्ट. म्हणजे भरलेली जीप साधारण रिकाम्या छोट्या गाडीएवढी हलकी चालते. घाटात छोटी गाडी का धापा टाकते, ते मला माझ्याच चुकीतून कळलं.

सेमिनारला मी फळ्यासमोर उभी राहिले. नमस्कार म्हणाले आणि पुन्हा सगळं कोरं. समोर गाडीचं चित्र लावलेलं होतं. त्याच्याकडे पाहून तोंडातून निघालं, "उतरा खाली, मग काटा." वर्ग हसला, मलाही हसू आलं, आणि पुढे मी सांगतच गेले. काकूंपर्यंत आले तेव्हा सरांनी हसून हसून डोळे पुसले. शेवटी त्यांनी विचारलं, "मग घाटात काय करायचं?" मी म्हटलं, "सर, दुसरा गिअर. किंवा लाडू आधी खाऊन टाकायचे." वर्ग पुन्हा हसला, पण लाडू पोटात गेले तरी गाडीतलं वजन तेवढंच राहतं हे मीच पुढे सांगितलं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. म्हटलं, बोलले मी, पूर्ण बोलले.

 ते म्हणाले, "काटा बरोबर होता, हे सांगितलं ना?"

"सगळ्यात आधी तेच सांगितलं, बाबा."