डोंगरातल्या दोन गाड्या

एखादी बस वेळेवर सुटताना दिसली की पोलादपूरची ती घटना मला अजून आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, कशेडी घाटात भर पावसात उभं राहून अपघातांचे पंचनामे केले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही मात्र टायरमधली हवा सोडल्याची साधी तक्रार होती. कायद्याच्या भाषेत अदखलपात्र. ठाण्यात अशी तक्रार आली की अंमलदार नोंद घेतो, फिर्यादीला समज देतो आणि चहा मागवतो. तरी तीच मनातून जात नाही. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही.

तेव्हा मी पोलादपूर ठाण्याचा प्रभारी होतो. उमरठच्या बाजूला डोंगरात एक गाव आहे. सरकारी गाडी खालच्या फाट्यापर्यंत जायची. वर गावातून थेट मुंबईला दोन खाजगी गाड्या सुटत. जुनी गाडी महाडच्या एका मुसलमान शेठची. अर्धं आयुष्य आखातात काढून परतल्यावर त्यांनी हा धंदा टाकला होता. खिडक्या खडखडायच्या, सीटचा स्पंज बाहेर आलेला, पण टपावर काहीही चालायचं. फणस, तांदळाची पोती, प्रसंगी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा. दुसरी गाडी नवी, पांढरीशुभ्र, एसी आणि पडद्यांची. तिचा मालक त्याच गावचा, पण मुंबईत वाढलेला तरुण. गाडी वेळेची पक्की होती, यात वाद नाही. सकाळी जुन्या गाडीच्या अर्धा तास आधी ती निघायची आणि वाटेतली सगळी माणसं उचलून न्यायची. मागून येणाऱ्या शेठच्या गाडीला पुरेशी माणसं मिळाली नाहीत की डिझेलही सुटत नसे. मग शेठ त्या दिवसाची फेरी रद्द करत.

या भागात एक रीत आहे. मुंबईत कामाला असलेल्या मुलांना घरून गाठोडं जातं. नाचणीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कुळथाचं पीठ, आंबोशी, जे घरात असेल ते. आई फडक्यात बांधून ड्रायव्हरच्या हाती देते, मुलगा मुंबईत ठरलेल्या थांब्यावर येऊन घेतो आणि मागच्या वेळचं फडकं धुऊन परत पाठवतो. याचं भाडं कुणी घेत नाही. शेठच्या गाडीवर ही रीत वर्षानुवर्षं चालत होती. नव्या गाडीवर मनाई होती.

एका सकाळी नवा मालक तणतणत ठाण्यात आला.

"साहेब, तिसऱ्यांदा झालं! मागच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. पॅसेंजर ताटकळले आणि शेवटी त्या खटाऱ्यात बसून गेले. माझा सगळा धंदा टायमिंगवर आहे. हे कोण करतंय, शेंबडं पोरही सांगेल. एफआयआर घ्या."

"शेंबड्या पोराला साक्षीला आणा, मग घेतो," मी म्हणालो. त्याला ते आवडलं नाही.

खरं तर मला हे प्रकरण वाढू द्यायचं नव्हतं. एक मालक महाडचा मुसलमान, दुसरा डोंगरातला मराठा. नाक्यावर दोघांकडची पोरं छाती काढून उभी राहू लागली होती. टायरवरून सुरू झालेली गोष्ट कुठे जाईल याचा नेम नव्हता. म्हणून मी अर्ज चौकशीला घेतला आणि दोन्ही बाजूंना नोटिसा काढल्या.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. नाक्यावरचा पानवाला हा माझा जुना खबऱ्या. पान लावता लावता तो हळूच बोलला, "साहेब, ज्या दिवशी हवा जाते ना, त्या दिवशी शेठचा ड्रायव्हर पहाटेच गावात हिंडताना दिसतो. एरवी झोपलेला असतो गाडीत."

मी ड्रायव्हरला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, हाडकुळा, महाडजवळच्या खेड्यातला मुसलमान. खुर्ची दिली तरी बसला नाही. चौकशीचा माझा एक नियम होता. आधी भलतंच विचारायचं. घाटात सध्या दरड कुठे येते, गाडी किती ॲव्हरेज देते. त्यावर तो भरभरून बोलला. मग मी विचारलं, "पहाटे गावात काय काम असतं?"

त्याचा आवाज एकदम उतरला.

"गाठोडी गोळा करतो साहेब."

"रोज?"

"गाडी जाणार असेल त्या दिवशी."

"गाडी जाणार हे तुला पहाटेच कसं कळतं? तुमची फेरी तर माणसं पाहून ठरते."

त्याने मान खाली घातली. पोलिसाला गप्प बसण्याचेही प्रकार ओळखता यावे लागतात. स्वतःला वाचवणारा माणूस गप्प बसतो तेव्हा त्याचे डोळे दाराकडे असतात. याचे डोळे जमिनीवर होते. हा दुसऱ्या कुणाला तरी वाचवत होता. मला वाटलं, शेठला.

शेठ स्वतःहून आले. पांढरा सदरा, हातात काठी. बसल्या बसल्या म्हणाले, "साहेब, त्याच्या गाडीची हवा काढून माझी गाडी नवी होणार आहे का? मला माहीत आहे माझी गाडी म्हातारी झालीय. दिवाळीनंतर बंदच करणार होतो. बंद करणाऱ्याने कशाला कुणाच्या वाकड्यात जावं?"

माणूस खरं बोलत होता. मग ड्रायव्हर वाचवत कुणाला होता?

पुढच्या वेळी हवा सोडली गेली तेव्हा मी मालकाला फोनवरच सांगितलं, "गाडीला हात लावू नका, मी येतोय." शाळेच्या उतारावर गाडी उभी होती. मागची चाकं बसलेली. मी वाकून पाहिलं, तर प्रत्येक बसलेल्या चाकाखाली एकेक दगड होता. चांगला चपटा, निवडून आणलेला, चाकाला नीट टेकवलेला.

"हे दगड तू लावलेस?" मी नव्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं.

"नाय साहेब. मी गाडी गिअरात ठेवतो, हँडब्रेक असतो. प्रत्येक वेळी असतात दगड. मला वाटलं, गावातलं कुणी लावतं."

मी तिथेच उभा राहिलो. गाडीचं नुकसान करायचं, पण ती घसरू नये म्हणून दगडही लावायचे, असा वैरी मी पाहिला नव्हता. खाली शाळा होती, हे त्या वैऱ्याच्या लक्षात होतं.

गावात जबाब घेत आम्ही वरच्या वाडीत गेलो. शेवटचं घर एका विधवेचं. साठी ओलांडलेली, काटक बाई. जीप तिच्या अंगणाबाहेरच्या चढावर लावली. मी पाणी मागितलं. ती "आणते" म्हणाली खरी, पण घरात न जाता आधी जीपच्या मागे गेली. कुंपणाकडेचा एक चपटा दगड उचलून तिने मागच्या चाकाखाली सरकवला, हाताने हलवून पाहिला, आणि मग पाण्याला आत गेली.

माझ्याबरोबरच्या हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं.

पाणी प्यायल्यावर मी विचारलं, "आजी, दगड कशाला लावलात? जीप घसरणार नाही."

"आमचं धनी ट्रकावर क्लीनर व्हतं," ती म्हणाली. "कशेडीत ट्रक उभा केला, दगड लावायला उतरलं, तोच गाडी मागं आली. तवापासून माझ्या दारात बिनदगडाची गाडी मी ठेवत नाय. कुणाची का असंना."

"शाळेपाशी लावलेली पण?"

ती जराही दचकली नाही. तांब्या खाली ठेवून उंबऱ्यावर बसली.

"मीच केलाय साहेब. व्हॉल्वात काडी घातली की हवा जाते, धन्यांनीच दाखवला व्हता कवातरी. त्या ड्रायव्हराला सोडा. त्यानं कायएक केला नाय. मी आदल्या दिवशी त्याला सांगायची, उद्या तुझी गाडी भरंल, लवकर ये. त्याला कळला असंल, पर बोलला नाय बिचारा."

"कशासाठी केलंत हे?"

मग तिने सांगितलं. एकुलता एक मुलगा मुंबईत. त्याने आपल्या मनाने लग्न केलं, घरात भांडण झालं. बाप गेल्यावर आला तर भावकीने भर तेराव्याला त्याला नाही नाही ते ऐकवलं. त्या दिवशी तो गेला तो पुन्हा गावात आला नाही. फोनचा नंबरही बदलला. पण शेठच्या गाडीच्या थांब्यावर मात्र यायचा. गाठोडं घ्यायचा, ड्रायव्हरला विचारायचा, "आई कशी हाय?" आणि धुतलेलं फडकं परत द्यायचा. दोन्हीकडून एवढंच बोलणं उरलं होतं. नवी गाडी आली आणि शेठच्या फेऱ्या रद्द होऊ लागल्या.

"तो यायचा, थांब्यावर हुबा राहायचा, आन गाडीच नाय," ती म्हणाली. "त्याला काय वाटत असंल? आईनं पण टाकला?"

मी नोकरीत अनेकांचे कबुलीजबाब ऐकले. त्या दिवशी मला वही उघडावीशी वाटली नाही. हवालदार अंगणातल्या आंब्याकडे बघत उभा होता, आणि त्याची आई साताऱ्याकडे असते हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही मालकांना ठाण्यात बोलावलं. बाईही आली, स्वच्छ लुगडं नेसून, अटक होणार असं धरून. नवा मालक तिला पाहून चक्रावला. नात्याने ती त्याची चुलत काकी लागत होती.

"काकी, तू? अगो, मला सांगितलं असतंस तर!"

"तुला सांगितला व्हता रे," ती शांतपणे म्हणाली. "तू म्हणालास, गाठोड्याला वास येतो."

तो तरुण माणूस लाल झाला, रुमालाने तोंड पुसू लागला. मग त्याने पेन मागितलं आणि तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं. "डिकीत जागा आहे," तो म्हणाला. "उद्यापासून गाठोडी माझ्या गाडीतूनही जातील."

शेठ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. "म्हणजे माझ्या गाडीत होतं तेवढं एक चांगलं, तेही तू घेणार," असं म्हणून ते हसले. "ठीक आहे. मग माझंही ऐक. आजपासून माझी फेरी रद्द होणार नाही. एक माणूस असला तरी गाडी सुटेल." आणि दिवाळीनंतरही त्यांनी गाडी बंद केली नाही. सीट बदलून घेतल्या, खिडक्या बसवून घेतल्या. चढाओढीने गावाचं भलं झालेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. एकाच्या वेळेवर दुसऱ्याचा डोळा, त्यामुळे दोन्ही गाड्या घड्याळ लावावं अशा सुटू लागल्या.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

त्या आठवड्यात गाठोडं गेलं आणि तसंच परत आलं. थांब्यावर कुणी आलं नव्हतं. पुढच्या वेळीही नाही. दोन्ही ड्रायव्हर थांब्यावर गाडी जरा जास्तच वेळ उभी करू लागले. एरवी मिनिटावरून भांडणारा नवा मालक याबद्दल ड्रायव्हरला एका शब्दाने बोलला नाही. मी मुंबईतल्या एका सहकाऱ्याला सांगून मुलाची चौकशी केली. खोली सोडून तो बायकोसह गेला होता. कुठे ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. एवढंच कळलं, की फेऱ्या रद्द होत होत्या त्या काळात तो बरेचदा थांब्यावर जायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. शेवटी जाणं थांबवलं.

हे सांगायला मी स्वतः वर गेलो. हवालदाराला पाठवता आलं असतं, पण पाठवलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "आजी, हरवल्याची नोंद करू. फोटो द्या, सगळीकडे पाठवतो."

"नाय साहेब," ती म्हणाली. "तो हरवला नाय. त्याला वाट माहीत हाय."

मी नोंदीचा कागद घडी करून खिशात ठेवला. उतरताना मला माझ्या मुलाची आठवण आली. तो तेव्हा बंगळुरूला नुकताच नोकरीला लागला होता आणि रविवारी फोन करायचा. त्या दिवशी मी रविवारची वाट न बघता त्याला फोन लावला. "बाबा, काय झालं?" त्याने घाबरून विचारलं. "काही नाही," मी म्हणालो, आणि खरंच सांगण्यासारखं काही नव्हतं.

पोलिसाला गुन्ह्यामागे वैर, लोभ किंवा दारू शोधायची सवय असते. बहुतेक वेळा त्यातलं एक सापडतंही. या प्रकरणाने मला शिकवलं, की माणूस मायेपोटीही कायदा मोडतो, आणि मोडताना दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजीही घेतो. दुसरी गोष्ट शिकलो ती गाड्यांबद्दल. एक फेरी रद्द झाली तर मालकाच्या दृष्टीने एक दिवस जातो. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचं काय जातं, हे गाडीत बसलेल्यांना कधी कळत नाही.

निवृत्तीनंतर एका लग्नासाठी मी त्या गावात गेलो होतो. आता कशेडीला बोगदा झाला आहे, रस्ता रुंद झाला आहे, दोन्ही गाड्या अजून चालतात. संध्याकाळी मुंबईहून येणाऱ्या गाड्यांच्या वेळेला ती बाई शाळेपाशी उभी होती. खूप थकलेली, पण मला ओळखलं. शेठच्या गाडीतून माणसं उतरली, ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पांढरी गाडी आली, तीही रिकामी होईपर्यंत तिने पाहिली.

मागे चहाच्या टपरीवर पोरं वाद घालत होती, शेठची गाडी भरवशाची की नवी. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला विचारलं, "आजी, तुम्ही सांगा. कोणती गाडी चांगली?"

तिने पदर सावरला आणि रस्त्याच्या वळणाकडे बघत म्हणाली, "जिच्यातून तो उतरंल ती."