सुईचा दांडा सुटेपर्यंत

देवासच्या कृत्रिम पायांच्या केंद्रात नलिनीताई सुपेकर एकोणीस वर्षं चामड्याचे पट्टे शिवत आहेत. त्या दिवशी उदयनगरची रेशमा आली होती. तिच्या कृत्रिम पायाचा पट्टा तुटला होता आणि दुसऱ्या दिवशी तिची बारावीची परीक्षा होती. गावाकडची शेवटची बस केंद्रासमोरून पाचला सुटणार होती. नेमका चार वाजता जुन्या शिलाई मशीनच्या सुईचा दांडा जाम झाला. चाक तसूभर हलेना.

"काकू, हातोडी मारू का?" केंद्राचा व्यवस्थापक पियूष म्हणाला.

"अजिबात नको! बीड आहे ते, ओतीव लोखंड. तडकलं तर मशीन भंगारात जाईल, भिया." नलिनीताई माळव्यातल्या सवयीने 'भैया'ला 'भिया' म्हणत.

त्यांनी दांड्यावर रॉकेल सोडलं आणि वाट पाहिली. साडेचार झाले तरी काही फरक पडेना. मग रॉकेल नीट पुसून त्यांनी ज्योत फेकणारा ब्लोलँप पेटवला आणि दांड्याभोवतालचं बीड प्रसरून दांडा सैल व्हावा म्हणून ते हळूहळू तापवलं. रंग करपल्याचा वास सुटला. चाक धरून त्या किंचित पुढे, किंचित मागे जोर लावत राहिल्या.

एकदम 'कट्' आवाज झाला. पियूषने डोळे मिटले. नलिनीताईंनी टॉर्च धरून बीड चहूबाजूंनी तपासलं. तडा कुठेच नव्हता; दांडा सुटला होता.

मशीनला तेल घालून त्यांनी पट्टा दुहेरी शिवला, तेव्हा पाच वाजायला सात मिनिटं होती.

"आंटी, फिर टूटेगा तो नहीं?" रेशमाने विचारलं.

"खींच के देख. जितना दम है, लगा."

रेशमाने दोन्ही हातांनी पट्टा ओढून पाहिला, मग तो बांधला आणि कुणाचाही हात न धरता बसकडे निघाली.