रिकामी यादी

मेट्रो गुडगावपर्यंत यायला अजून बरीच वर्षं होती. मी दिल्लीच्या करोल बागेतून आधी बसने धौला कुआँला आणि तिथून शेअरच्या गाडीत कोंबून ऑफिसला जायची. काचेची नवी इमारत होती, आजूबाजूला अर्धवट टॉवर आणि सगळीकडे धूळ. आमची कंपनी परदेशी शाळांच्या पुस्तकांची पानं छपाईसाठी जुळवून द्यायची. त्या पानांतल्या चुका आपोआप शोधणारे प्रोग्रॅम लिहिणं माझं काम. ते मी लिनक्सवर, विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या एका मोफत प्रणालीवर, करायची. अख्ख्या ऑफिसात लिनक्स फक्त माझ्याच मशीनवर होतं.

कंपनीने वरचा मजला घेतला आणि आमची टीम वर गेली. पहिल्याच दिवशी मी पानं छापायला गेले, तर प्रिंटरची यादी रिकामी. खाली होते तोवर त्या यादीत तीन प्रिंटर दिसायचे.

आयटीच्या प्रमुखांकडे गेले. त्यांनी खुर्चीतून न उठताच सांगितलं, "मॅडम, लिनक्स में प्रिंटर ऐसे ही गायब होते हैं. सोमवार तक विंडोज डाल देंगे."

"लेकिन परसों तक दिख रहे थे," मी म्हणाले.

"तभी तो कह रहा हूँ. भरोसा नहीं है."

तोवर मला एक पान हवं असलं तरी फाइल घेऊन खाली, प्रिंटर होते तिथे जायचं, कुणाच्या तरी मशीनपाशी उभं राहायचं आणि विनंती करायची. दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी मला स्वतःचाच राग आला. यादी रिकामी का आहे, हे आपल्याला तरी कुठे माहीत आहे? मग लिनक्समधून छपाई कशी होते ते वाचायला बसले.

तोवर माझी समजूत अशी होती की छापा म्हटलं की ज्यातून छापतोय तो प्रोग्रॅम स्वतः नेटवर्कभर प्रिंटर शोधत फिरतो. तसं काही नव्हतं. प्रोग्रॅम फक्त माझ्याच मशीनवरच्या छपाईच्या सेवेला, म्हणजे मागे सतत चालू असलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमला विचारायचा, तुला कोण कोण माहीत आहे? आणि ती सेवाही कुठे जात नव्हती, नुसती ऐकत बसायची. खालचा छपाईचा सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला नेटवर्कवर पुकारा करायचा की माझ्याकडे अमुक प्रिंटर आहेत. ज्याला ऐकू येईल त्याच्या यादीत ते दिसणार. वरच्या मजल्याला वेगळं नेटवर्क दिलं होतं आणि तो पुकारा खालच्या मजल्याबाहेर पडतच नव्हता. बाकीच्यांच्या मशीनवर प्रिंटर हाताने, एकेक करून बसवलेले होते, म्हणून त्यांचं काही अडलं नाही.

शनिवारी मी सीपीयू उचलला, लिफ्टने खाली नेला आणि माझ्या जुन्या जागेवर नेटवर्कची तार जोडली. मिनिटभरात तिन्ही प्रिंटर यादीत आले. परत वर आणला, थोड्या वेळाने यादीतून गेले. म्हणजे मशीन बरोबर होतं आणि मीही.

मग सेटिंगच्या फाइलमध्ये एकच ओळ लिहिली. पुकाऱ्याची वाट बघू नकोस, खालच्या सर्व्हरचा हा पत्ता, त्यालाच जाऊन विचार. सेवा पुन्हा सुरू केली, छापा म्हटलं. तिन्ही नावं समोर.

घरी बाबांना सांगितलं. बाबा केंद्राच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरचं त्यांना काही कळलं नाही, पण सोमवारची गोष्ट बरोबर कळली.

"तुला हा हुकूम तोंडी दिलाय ना?"

"हो."

"मग पाळू नकोस. लेखी माग. कारणासकट."

सोमवारी आयटीचे प्रमुख विंडोजची सीडी घेऊन वर आले. मी त्यांच्यासमोर एक पान खालच्या प्रिंटरवर छापलं. खाली फोन करून पान आल्याची खात्रीही त्यांना करून घ्यायला लावली. त्यांनी फोन ठेवला.

"फिर भी मॅडम, पॉलिसी तो पॉलिसी है. एक आदमी के लिए अलग सिस्टम नहीं रख सकते."

"आप लिखकर दे दीजिए," मी म्हणाले. "लिहा की प्रिंटर दिसतात, काम चालतं, तरी हे काढायचं. मी काढते."

अर्धं हिंदी, अर्धं मराठी झालं होतं.

"इतनी सी बात पे लिखवाओगी?"

"इतनी सी है तो रहने दीजिए."

ते सीडी घेऊन खाली गेले. लेखी काही आलं नाही. पुढे कितीतरी महिने ते जिन्यात भेटले की दुसरीकडे बघायचे. माझ्या वार्षिक अहवालात 'सहकार्याचा अभाव' असा शेरा आला. मी त्याखाली सही केली आणि बाजूला लिहिलं, मान्य नाही.

माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघींनी सीडी परत गेली त्याच आठवड्यात विचारलं होतं, आमच्याही मशीनवर लिनक्स चढवून देशील का? दिलं. सर्व्हरचा पत्ता त्यांना स्वतःच्या हाताने टाइप करायला लावला. परवानगी कोणाची घेतली नाही.